पिस्टनची वंशावळ

त्र्यंबकेश्वरात पाहुण्याला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गाव कोणते? आडनाव काय? आजोबांचे नाव काय? एवढी तीन उत्तरे मिळाली, की तीर्थोपाध्याय कपाटातून नेमकी वही काढतात, थोडी पाने उलटतात आणि तुमचे पणजोबा कोणत्या साली कुशावर्तावर स्नानाला आले होते, बरोबर कोण कोण होते, हे दाखवून देतात. ज्याला स्वतःच्या पणजोबांचे नाव धड सांगता आले नाही, तो गृहस्थ त्यांची मोडीतली सही पाहून गहिवरतो आणि दक्षिणा ठरल्यापेक्षा थोडी अधिक देऊन जातो.

माझे धाकटे मामा याच व्यवसायातले. फरक इतकाच, की त्यांच्या कपाटात दोन प्रकारच्या वह्या आहेत. एक यजमानांच्या. दुसरी, लाल कापडात बांधलेली, मोटरसायकलची. तिच्यात यात्रेकरूंची कुळे नाहीत. क्लच प्लेटा, आरसे, केबली आणि स्प्रिंगांची कुळे आहेत. “आरशाची दांडी, उजवी. मूळ गाव धुळे. मालकाने गाडी मोडीत काढली. पुण्यास जुन्या बाजारात आली, तेथून आपल्याकडे.” अशा नोंदी पानोपानी आहेत. ही नसती उठाठेव कशाला, असे मी एकदा विचारले. मामा म्हणाले, “अरे, ज्या वस्तूचं कूळ ठाऊक नाही, ती अंगावर कशी घ्यायची?”

ही मोटरसायकल म्हणजे राजदूत ३५०. जाणत्या मंडळींत हिचे नाव आरडी. जपानच्या यामाहा कंपनीने ही गाडी १९७३ साली बाजारात आणली आणि दोन-तीन वर्षांतच तिच्या जागी दुसरी आणली. जपानने जिला निरोप दिला होता, ती १९८३ साली फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीच्या हातून आपल्याकडे आली. पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवला होता आणि ताकदही थोडी कमी केली होती. तरीही ३४७ सीसीचे दोन सिलिंडर, सहा गिअर आणि तीसेक अश्वशक्ती! तोवर आपल्या रस्त्यांना स्कूटरची आणि घरंदाज बुलेटची सवय. त्यात हे वादळ शिरले. त्याच वर्षी ‘हीरो’ चित्रपटात जॅकी श्रॉफ या गाडीवर बसलेला दिसला आणि गावोगावच्या तरुणांची झोप उडाली. राजाचा दूत, षष्ठी तत्पुरुष, असे मी वर्गात सांगतो. पण या दूताने निरोप पोहोचवण्याऐवजी कित्येकांना थेट इस्पितळात पोहोचवले. ताकद अंगात घोड्याची आणि ब्रेक मात्र गरीब गाईचे, असा तो प्रकार होता.

मामांनी ती १९८५ साली घेतली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. उपाध्यायाने पालखीपुढे चालावे की असल्या भुतावर बसावे, या मुद्द्यावर आजोबा त्यांच्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पूजेचे साहित्य नाशिकला राहिले म्हणून मामांना पिटाळावे लागले. ते इतक्या लवकर परत आले, की आजोबांनी मौन सोडून विचारले, “गेला होतास ना रे?” मी तेव्हा पाच वर्षांचा. टाकीवर बसून मला आंबोली घाटापर्यंत नेत असत. ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले, अंगावर भुरभुर पाऊस आणि दोन्ही मांड्यांखाली ती थरथर. माझ्या बालपणाचा आवाज कोणता, असे कोणी विचारले, तर मी मंदिरातल्या घंटेचे नाव घ्यायला हवे. पण खरे उत्तर निराळे आहे.

गाडी मात्र बाजारात चालली नाही. किंमत भारी, पेट्रोलची भूक त्याहून भारी. त्याच सुमारास शंभर सीसीच्या जपानी वंशाच्या गाड्या आल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि मध्यमवर्गाला कळले, की पेट्रोल भरून विसरून जाता येते. ज्या गाडीला विसरताच येत नाही अशी गाडी मग कोण घेणार? दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. पुढे १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि दोन-स्ट्रोकच्या मोटरसायकलींची सारी जातच हळूहळू रस्त्यावरून उठली.

दोन-स्ट्रोक म्हणजे काय, हे घरच्या मंडळींसाठी सांगतो. चार-स्ट्रोकचे इंजिन चार हालचालींत एकदा पेटते: ओढा, दाबा, पेटवा, फेका. दोन-स्ट्रोकचे दर दुसऱ्या हालचालीला. म्हणून लहान अंगात मोठी ताकद. पण याचे वंगणही पेट्रोलबरोबरच आत जाते आणि जळते; म्हणून मागे निळा धूर आणि तो ओळखीचा वास. आरडीत आणखी एक गंमत आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये पोलादाच्या कागदासारख्या पातळ पाकळ्या असतात. पिस्टन वर गेला की त्या उघडून वाफ आत घेतात, खाली आला की मिटतात. मिनिटाला हजारो वेळा. या पाकळ्यांना इंग्रजीत रीड म्हणतात. तोच शब्द, जो आपण पेटीच्या सुरांना वापरतो.

हा योगायोग मामांना फार आवडतो, कारण मामा पेटीही वाजवतात. तोराकुसु यामाहा या गृहस्थांनी १८८७ साली जपानातल्या हामामात्सु गावी एका शाळेचा रीडचा ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला भाऊ, दुरुस्त केला आणि त्यातून यामाहांचा वाद्यांचा कारखाना उभा राहिला. मोटरसायकली फार नंतर, १९५५ साली आल्या. आजही त्यांच्या चिन्हात सूर लावण्याचे तीन चिमटे आहेत. “म्हणून सांगतो,” मामा म्हणतात, “ही गाडी दुरुस्त करायची नसते, लावायची असते.”

चार वर्षांपूर्वी मामांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि किक मारणे बंद झाले. गाडी त्यांनी माझ्या हवाली केली. अट एकच. “चालती ठेव. शोभेची करू नकोस.” आमच्या घरी हिचे स्वागत कसे झाले, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. “मामांनी पोथी दिली असती, पेटी दिली असती,” ही म्हणाली, “पण तुमच्या वाट्याला नेमकं हे आलं!”

तर यंदाच्या आषाढात मी नाशिकहून त्र्यंबकला निघालो होतो. अंजनेरीच्या अलीकडे आवाज बदलला. गाडी चालत होती, पण काहीतरी बिनसले होते. कडेला थांबलो, मामांना फोन लावला आणि फोन सायलेन्सरजवळ धरला. तीन-चार क्षणांत पलीकडून ओरडा आला, “बंद कर! आधी बंद कर! डावा गातोय, उजवा नुसता ठेका धरतोय. पाकळी गेली.”

टेंपोतून गाडी नाशकात मिस्त्रींकडे आली. इंजिन उघडले. मामांचे कान खरे ठरले. उजवीकडची एक पाकळी तुटून तिचा तुकडा आत गेला होता. एवढासा तुकडा, नखाएवढा. पण त्याने पिस्टन आणि बोअर दोन्ही ओरखडून ठेवले होते. मिस्त्री माप घेऊन म्हणाले, “सर, पाकळ्यांचं बघू. पण पिस्टन जोडीनं लागणार. तुमची गाडी पंचवीस साइझवर आहे. आता पन्नास नाहीतर पंचाहत्तर.”

हा हिशेबही सांगण्यासारखा आहे. मूळ पिस्टन ६४ मिलिमीटरचा. बोअर खराब झाला की तो लेथवर थोडा मोठा करतात आणि पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालतात. मग आणखी पाव, मग आणखी पाव. बोअर वाढवता येतो, कमी करता येत नाही. एक मिलिमीटरपर्यंत असे चार जन्म. आमचा पहिला संपला होता.

मग सुरू झाली यात्रा. नाशकातली दुकाने झाली. पुण्यात नाना पेठ झाली; तिथे एकाने “सर, हे तर म्युझियमचं गिऱ्हाईक!” म्हणून शेजारच्याला बोलावून मला दाखवले. जुन्या बाजारात एक पिस्टन मिळाला, एकच, त्यालाही रिंग नव्हती. मुंबईला एका व्यापाऱ्याने चकचकीत डबीतला नवा जोड दाखवला. मिस्त्रींनी तो तराजूत घातला. दोन पिस्टनांच्या वजनांत फरक निघाला. “हा घातला तर सिन्नरच्या पुढे धरेल,” ते म्हणाले. धरणे म्हणजे पिस्टन तापून फुगून बोअरमध्ये अडकणे. ऐंशीच्या वेगात मागचे चाक एकाएकी थांबते, आणि मग वहीत मोटरसायकलीऐवजी माणसाची नोंद होते. अमेरिकेत आजही या गाडीचे पिस्टन बनतात. चौकशी केली. किंमत, त्यावर टपाल, त्यावर कस्टम. बेरीज मुलीच्या फीच्या हप्त्याशी जाऊन भिडली. ही काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला बेरजेपेक्षा मोठे वाटले.

त्यातच गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण समोर. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावे लागते. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ असा मान दिला. त्यांना वेगळा क्रमांक मिळतो. आमची गाडी चाळिशीची. म्हणजे जुनी म्हणून हिणवण्याइतकी जुनी, पण मान देण्याइतकी नाही. माझेही वय तेच चालले असल्यामुळे मला हे दुःख नेमके कळते. शिवाय तो मान मिळाला, की रोज रस्त्यावर फिरण्याची बंदी. फक्त प्रदर्शनाला वगैरे बाहेर पडायचे. चालती ठेव, ही मामांची अट तिथे मोडतेच.

आणि एके दिवशी मिस्त्रींनी सांगितले, “पंचवटीत एका वाड्यात एक आरडी पडून आहे. मालक गेले. काकू आहेत. बघा, पूर्ण गाडी मिळाली तर खोलून दोन गाड्यांचे पार्ट होतील.”

मी गेलो. जिन्याखाली, जुन्या साडीच्या आच्छादनाखाली, ती उभी होती. टायर बसलेले, सायलेन्सर गंजलेला. पण हँडलला वाळलेला झेंडूचा हार होता, म्हणजे मागच्या दसऱ्याला पूजा झालेली. काकूंनी चहा केला. त्यांचे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. रोज याच गाडीवर जायचे. “रात्रपाळी संपवून यायचे ना, तर पूल ओलांडताच मला आवाज कळायचा. मी चहाचं आधण ठेवायची. दार वाजेपर्यंत चहा गाळलेला असायचा.” गाडी द्यायला त्या तयार होत्या. पैशांचे फारसे बोलल्या नाहीत. एकच विचारले, “चालू कराल ना? भंगारात नको हो जायला.”

मी म्हणालो, “हो काकू. चालूच करायची आहे.”

आता हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. गाडी चालू करायचीच होती. फक्त कोणती, हे मी सांगितले नव्हते. कर्म अध्याहृत ठेवले होते. आयुष्यभर मुलांना अध्याहृत शब्द ओळखायला शिकवणाऱ्याने काकूंना मात्र तो ओळखू दिला नाही. विसार म्हणून थोडे पैसे ठेवून मी आनंदात घरी आलो आणि मामांना फोन केला.

मामांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “त्यांना काय सांगितलंस?”

सांगितले.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “ठीक आहे. आण. पण वहीत काय लिहू ते सांग. ‘मूळ गाव पंचवटी, चालू करतो सांगून मोडून आणली’ असं लिहू?”

“मामा, दोन मेलेल्या गाड्यांपेक्षा एक जिवंत बरी, नाही का?”

“बरी की. हे त्यांनाच सांग. त्या हो म्हणाल्या तर तसं लिहीन.”

रात्रभर मला झोप लागली नाही, असे लिहिले तर ते वाङ्मयीन होईल. झोप लागली, पण सकाळी जाग आली ती त्या वाक्यासह. कॉलेजातून परस्पर पंचवटीत गेलो. काकूंना सगळे खरे सांगितले. माझ्या मामांची गाडी आहे, तिचे पिस्टन गेलेत, तुमच्या गाडीचे भाग काढून ती चालू करायची होती, तुमची मात्र त्यात संपली असती. विसार राहू द्या, नाहीतर परत द्या, पण हे सांगायचे राहिले होते.

काकू रागावल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत त्यांनी शांतपणे विचारले, “मग उलट नाही का होणार? तुमच्या मामांच्या गाडीतले भाग काढून ह्यांची चालू होईल?”

खरे सांगतो, इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांची मोडायची आणि माझी जगवायची, हे मी इतके गृहीत धरले होते, की त्याला दुसरी बाजू असेल असे वाटलेच नाही. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. फरक इतकाच, की एकीवर मी लहानपणी बसलो होतो आणि दुसरीचा आवाज ऐकून कोणीतरी आधण ठेवले होते. मी म्हणालो, “होईल काकू. तशीही होईल.” आणि माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

काकू उठून आत गेल्या. देवघराशेजारचे कपाट उघडल्याचा आवाज आला. येताना त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. “ह्यांनी हे दिल्लीहून मागवलं होतं. बसवू बसवू म्हणता आजारी पडले. मला यातलं कळत नाही. बघा, तुमच्या कामाचं आहे का.”

आत मेणकागदात गुंडाळलेले दोन पिस्टन होते. रिंगा, गजनपिना, सगळे जागच्या जागी. माथ्यावर कोरलेला आकडा: ०.७५. तेल लावून ठेवलेले. एवढ्या वर्षांत गंजाचा ठिपका नाही. मी पैशांचे बोलायला तोंड उघडले. त्यांनी हातानेच थांबवले. “विसार दिलाय तेवढा पुरे. गाडी मात्र नेऊ नका. ती राहू दे. आणि दसऱ्याला एकदा इथे, दारात येऊन चालू करून दाखवा.”

बोअर पंचाहत्तरवर गेला. म्हणजे आमचे चारपैकी दोन जन्म एकदम खर्ची पडले. आता एकच उरला आहे. पाकळ्या नव्या घातल्या. मिस्त्रींनी पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायला सांगितले. माझ्या वयाला त्यात सूचनेची गरज नव्हती.

यंदाच्या दसऱ्याला सकाळी मामांना त्र्यंबकहून आणले आणि आम्ही पंचवटीत गेलो. गाडी मुद्दाम पुलाच्या अलीकडे थांबवली. मामा रिक्षाने पुढे गेले. मग मी किक मारली आणि पूल ओलांडून वाड्याशी आलो. दारात काकू नव्हत्या. मामा एकटेच ओट्यावर बसलेले. मला वाटले, त्यांना नको वाटले असेल. आपण उगीच आलो. इंजिन बंद केले. इतक्यात काकू आतून आल्या. हातात ट्रे होता. तीन कप, चहा गाळलेला.

त्यांनी आमच्या गाडीला हळदकुंकू लावले, मग जिन्याखालच्या गाडीला. आपट्याची पाने दिली. मामांनी पिशवीतून लाल वही काढली, चष्मा चढवला आणि आपल्या व्यवसायाच्या सुरात विचारले, “यजमानांचं नाव? वडिलांचं? मूळ गाव?” काकू एकेक सांगत होत्या, मामा एकेक लिहून घेत होते. “पिस्टन, जोड एक. साइझ पंचाहत्तर. मूळ गाव दिल्ली, मुक्काम पंचवटी. स्वखुशीने दिला.” ‘स्वखुशीने’ लिहिताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले.

मग त्यांनी एक कोरे पान उलटले आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, “गाडी दुसरी.” खाली जिन्याखालच्या गाडीचा क्रमांक. त्याखाली: “क्रँक जाम. शोधणे.” पुढची जागा रिकामी सोडली आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी हिला हे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे आता दोन झाल्या.” पण फराळाच्या डब्यांत एक डबा तिने वेगळा काढून ठेवला आहे, पंचवटीसाठी.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत जिन्याखाली, माळ्यावर, मामा-काकांच्या वाड्यात तेलकट कागदात गुंडाळलेले जड काही सापडले, तर ते भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा: हे कोणाचे? कुठून आले? त्यांना सगळे आठवते. आपण विचारीत नाही, एवढेच.